चावी नव्हे, किल्ली

भिंत रंगवणाऱ्याकडे किस्से जमतात, त्यात त्याचं कर्तृत्व काही नसतं. तो दिवसभर रस्त्याकडे पाठ करून उभा असतो, आणि पाठमोरा माणूस दिसला की पुणेकराला सूचना केल्याशिवाय राहवत नाही. "डावीकडे उतरतंय." "निळा जास्त झालाय." "हे कोणाच्या परवानगीने?" वळून बघावं तर बोलणारा पुढे निघून गेलेला असतो. माझ्या पाठीवर अशा तीसेक वर्षांच्या सूचना साठल्यात. आज त्यातल्या थोड्या उतरवून ठेवतो, म्हणजे पाठ जरा हलकी होईल.

मी अक्षरं रंगवणारा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फलक, टेम्पोच्या पाठीवरची 'आईची कृपा', सगळं हाताने. मग फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला, म्हणजे अगदी मांडी घालून बसला. घरी रिकामा हात चालेना म्हणून मी बायकोच्या डब्यांवर 'साखर', 'मीठ', 'सोडा' असं छायेसकट रंगवत होतो. "आता माझ्या कपाळावर 'बायको' लिहा म्हणजे झालं," असं ती म्हणाली त्याच आठवड्यात रेवती मला शोधत आली.

रेवती चित्रकार. पण नुसत्या रंगाने चित्र काढणारी नव्हे. भिंतीवर ती काहीही चिकटवते. फुटक्या टाइल्स, बांगड्या, बाटल्यांची बुचं, जुन्या साड्या, एकदा तर अख्खा मिक्सर. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. मला वाटायचं, मिक्सरवरूनच नाव पडलं असेल. तिचं म्हणणं असं की भिंत ही भांडायची जागा आहे. कुठे पाणी येत नसलं, कचरा उचलत नसले, फुटपाथ गिळला गेला असला, की ही तिथल्याच भिंतीवर त्याचं चित्र काढणार, तेही तिथल्याच माणसांना हाताशी धरून. तिला चित्रं येत होती, अक्षर मात्र कोंबडीचा पाय होता. म्हणून मी.

पहिल्याच दिवशी मी माझा नियम सांगितला. "मजकूर तुझा, अक्षर माझं. कागदावर असेल तसं रंगवणार. शहाणपणा करणार नाही." हा नियम पुढे किती महागात पडला आणि किती कामाला आला, ते येतंच आहे.

*

आमची पहिली भिंत एका गल्लीच्या कोपऱ्यावरची. तिथे लोक कचरा टाकत. सोसायटीने आधी 'येथे कचरा टाकू नये' लिहिलं, मग 'टाकल्यास दंड होईल', आणि शेवटी 'टाकणारा गाढव'. कचरा वाढतच गेला. कोणी म्हणालं, देवांच्या टाइल्स लावू. रेवतीला ते पटलं नाही. "देवाला उकिरड्यावर पहाऱ्याला बसवायचं आणि आपण घरी जाऊन झोपायचं, हे नाही जमायचं मला."

तिने घराघरांतून फुटके आरसे मागून आणले आणि भिंतभर एक झाड केलं, पानं सगळी आरशाची. माणूस पिशवी घेऊन यायचा, समोर बघायचा, तर पिशवी धरलेला तोच, शंभर पानांत शंभर वेळा. पंधरा दिवसांत कोपरा चकाचक झाला. मी तर खूश होऊन गल्लीत पेढे वाटायला निघालो होतो.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. "कचरा गेला हे मान्य. पण सकाळी ऑफिसला जाणारी सगळी मंडळी इथे भांग पाडायला थांबतात. रांग लागते रांग."

रेवती म्हणाली, "मग काय करू? काढून टाकू?"

"काढायचं कोण म्हणतंय? एक मोठं पान वरच्या बाजूला लावा. मला वाकावं लागतं."

*

लिमयेबाई आमच्यात आल्या त्या भांडायलाच. कोथरूडला राहतात, सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त. मी एका सोसायटीच्या भिंतीवर पाणी वाचवण्याचा मजकूर रंगवून संपवत होतो आणि पाठीमागून आवाज आला, "कुठल्या शाळेत होतात?"

मी शाळेचं नाव सांगितलं. "तिथे माझी मैत्रीण होती. तिला फार वाईट वाटेल," असं म्हणून त्यांनी पर्समधून लाल खडू काढला आणि माझ्या 'पाणि'तल्या वेलांटीभोवती थाळीएवढं वर्तुळ काढलं. मी नम्रपणे म्हणालो, "कागदावर असंच आहे." बाई म्हणाल्या, "मग कागदालाही छड्या पडायला हव्यात." कागद रेवतीचा होता. ती शिडीमागे लपली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणार, तोवर सकाळीच कला महाविद्यालयाची मुलं भिंत बघायला आली. बरोबर एक दाढीवाले गृहस्थ. ते मुलांना समजावत होते, "हे लाल वर्तुळ बघा. ही आटलेली विहीर आहे. शब्दातच विहीर दाखवली आहे. फार धाडसी."

लिमयेबाई दूध घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "विहीर नाही हो ती. वेलांटी आहे. पहिली आहे, दुसरी पाहिजे."

गृहस्थांनी डोळे मिटले. "वा. पहिली आटली, दुसरी पाहिजे," असं म्हणत त्यांनी वहीत टिपून घेतलं.

ती भिंत अजून तशीच आहे. रेवतीने वर्तुळ पक्क्या रंगात करून घेतलं. लिमयेबाई त्या रस्त्याने जात नाहीत, पण त्या दिवसापासून प्रत्येक कागद आधी त्यांच्या डोळ्यांखालून जातो.

*

चौथा भिडू निनाद. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शनिवारी दीड तास ट्रॅफिक खाऊन आमच्याकडे भिंत घासायला येतो. "ऑफिसात वर्षभर केलेलं काम दाखवता येत नाही हो काका," तो म्हणतो. "इथे निदान आईला आणून दाखवतो."

एकदा त्याने अख्खी टीम आणली, तीसेक पोरंपोरी, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट. रंगाचा डबा उघडायच्या आधी एकजण मला म्हणाला, "काका, आधी पंधरा मिनिटं स्टँडअप मीटिंग करू."

मी म्हणालो, "बाळा, आम्ही तीस वर्षं स्टँडअपच आहोत. आज बसून करायचं काय असेल तर सांग."

पोरं कामाला वाघ होती, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. तीन दिवसांची भिंत एका दुपारीत ओढली. फक्त एका मुलीचा ब्रश सटकला आणि माझ्या 'स्वच्छ'वर हिरवा फराटा गेला. ती बिचारी रडकुंडीला आली. "सॉरी काका, याला कंट्रोल-झेड नसतो का?"

"असतो की," म्हणून मी टर्पेंटाइनची बाटली तिच्या हातात दिली.

*

आता हिरामावशी. आणि इथून पुढे गोष्ट एकच आहे, किस्से तिच्यातलेच.

कर्वे रस्ता आणि सिंहगड रस्ता यांच्या मधे कुठेतरी एक भाजी मंडई आहे. नाव सांगत नाही, एका साहेबांची नोकरी अजून शिल्लक आहे. मंडईच्या बाहेरच्या भिंतीचं काम आम्ही घेतलं होतं. हिरामावशी त्या भिंतीला टेकून पालेभाजी विकायच्या. धायरीच्या. पहाटे येऊन बसायच्या त्या संध्याकाळी सातपर्यंत. एप्रिलचं ऊन, मी शिडीवरून उतरून माझी बाटली पुढे केली.

"नगं," मावशी म्हणाल्या.

"अहो घ्या, उष्टं नाही केलेलं."

"तसं न्हाई वो. पानी प्यालं की जावं लागतं. जायचं कुठं?"

सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर रात्री घरी गेल्यावर पाणी. तेवीस वर्षं. आणि त्या एकट्या नव्हत्या, मंडईत बसणाऱ्या सगळ्याच बायका तशा. मावशींना त्या वर्षात तिसऱ्यांदा इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. "म्या म्हनलं, पिते की," मावशी सांगत होत्या. "दुपारच्याला तुमच्या दवाखान्यात सोय हाय का?" आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी महिनाभर त्यांच्यासमोर घटाघटा पाणी पीत होतो, आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं, याची मला खरोखर लाज वाटली.

बरं, शौचालय नव्हतं असं नाही. मावशींच्या पाठीमागे पंधरा पावलांवर होतं. गुलाबी टाइल्स, वर 'महिला' अशी पितळी अक्षरं, वर पाण्याची टाकीसुद्धा. बांधून चार वर्षं झाली होती. दाराला मुठीएवढं कुलूप.

रेवतीने ब्रश पाण्यात टाकला आणि मला म्हणाली, "काका, भिंत राहू दे. चला."

*

मंडईचा कारभार बघणाऱ्या ऑफिसात साहेब भेटले. पोरगेलासा चेहरा, नाकावर चष्मा, टेबलावर फायलींची भिंत. माणूस उर्मट नव्हता, उलट चहा सांगितला. त्यांनी सांगितलं, उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळाली नाही, तोवर ठेकेदाराने कुलूप लावलं, मग ठेकेदार बदलला, मग साहेब बदलले. हे तिसरे.

"थोडक्यात," साहेब म्हणाले, "किल्ली सापडत नाही."

"कुलूप तोडा," रेवती म्हणाली.

"तोडता येत नाही. कुलूप मालमत्ता नोंदवहीत आहे."

"मग दुसरी किल्ली करून घ्या."

"त्यासाठी मूळ किल्ली हरवल्याचा दाखला लागतो. आणि किल्ली हरवलेली नाही. सापडत नाही."

मी चहा पीत होतो, तो तसाच राहिला. रेवतीला मी इतकी शांत कधी बघितली नव्हती. ती म्हणाली, "आणि किल्ली मिळाली तर?"

"तर काय, त्या क्षणी उघडतो की."

"लेखी द्याल?"

त्यांनी दिलं! टाइप करून, सही, शिक्का, जावक क्रमांक: 'सदर कुलपाची किल्ली उपलब्ध झाल्यास शौचालय तात्काळ सुरू करण्यात येईल.'

तिसऱ्या दिवशी ते वाक्य शौचालयाच्या भिंतीवर होतं. दीड-दीड फुटाची अक्षरं, लाल, पिवळी छाया देऊन. जावक क्रमांकासकट. इतकं मन लावून मी देवळाचा कळसही रंगवला नव्हता.

*

रेवतीची कल्पना अशी होती की लोकांकडून बेवारस किल्ल्या मागायच्या आणि त्या वाक्याखाली हजारभर किल्ल्यांची एक मोठी किल्ली करायची. तिने आवाहनाचा मजकूर लिहून दिला. लिमयेबाई नेमक्या नाशिकला लेकीकडे. कागदावर होतं, 'तुमच्या घरातली बेवारस चावी इथे आणून द्या.'

रेवती मूळची डोंबिवलीची. तिकडे चावीच म्हणतात. माझा हात 'चा'वर जरा अडखळला, खोटं कशाला सांगू. पण नियम म्हणजे नियम. रंगवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिले गृहस्थ आले. पाठीमागून, अर्थात. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"चावी खेळण्याला देतात. कुलपाला किल्ली असते."

नऊपर्यंत चार झाले. निनादने भिंतीचा फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला, तो तिथून पुण्यातल्या यच्चयावत ग्रुपांवर गेला. चार वर्षं शौचालय बंद होतं त्याची एक तक्रार कोणी केली नव्हती. 'चावी'ची तक्रार घेऊन माणसं सदाशिव पेठेतून बस बदलून आली. एक आजोबा शब्दकोशच घेऊन आले. एका बाईंनी मला विचारलं, "आपण मूळचे कुठले?" मी "पुण्याचा" म्हटल्यावर त्यांनी जो श्वास सोडला, तो मला अजून ऐकू येतो.

मी गयावया केली. "रेवती, मला दुरुस्त करू दे. तीस वर्षांचं नाव आहे माझं."

"काका, हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बघा जरा."

मी बघितलं. भांडायला आलेला प्रत्येक माणूस खिशातून, पर्समधून, कनवटीतून एक किल्ली काढून माझ्या नाकासमोर धरत होता. "ही बघा. याला किल्ली म्हणतात. ठेवा ही, म्हणजे लक्षात राहील." आणि डब्यात टाकत होता. मग वरचं वाक्य वाचत होता. मग मावशींशी बोलत होता. रविवारपर्यंत तीन डबे भरले.

लिमयेबाई नाशिकहून आल्या. लाल खडू हातात तयार. त्यांनी भिंत वाचली, डबे बघितले, खडू पर्समध्ये ठेवला.

"पेंटर, 'शौचालया'वरची एक मात्रा कमी करता येते का बघा," त्या म्हणाल्या. "चौथाही भरेल."

*

काय काय किल्ल्या आल्या. मेलेल्या स्कूटरच्या, विकलेल्या घरांच्या, कुठल्या पेटीची ते सासूबरोबर गेलं अशा. एका निवृत्त गृहस्थांनी किल्ली देऊन पोच मागितली. मी रंगवून दिली. निनादच्या ऑफिसातल्या पोरांकडे किल्ल्याच नव्हत्या, त्यांच्याकडे सगळं नंबरावर उघडतं. त्यांनी जुनी आयकार्डं आणली. एकाने तर प्रामाणिकपणे विचारलं, "काका, पासवर्ड चालेल का?"

एकजण दुसऱ्या दिवशी घाम पुसत परत आला. भांडणाच्या भरात स्वतःच्या फ्लॅटची किल्ली टाकून गेला होता. आम्ही दोन तास डबा उपसला. बायको फोनवर होती, रात्रभर बहिणीकडे राहावं लागलं म्हणून. किल्ली मिळाल्यावर तो म्हणाला, "मिळाली असं इतक्यात सांगू नका. तिला बहिणीकडे बरं वाटतंय."

आणि हिरामावशींचे मोठे दीर आले, धायरीहून. पांढरी टोपी, हातात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. त्यांच्या मळ्यातल्या मोटारघराची. मळा गेला, तिथे आता बारा मजली सोसायटी. "बिल्डर म्हनला, किल्लीचं काय काम न्हाई," ते म्हणाले. "म्हनलं, नसंल. पर टाकवत न्हाई." रेवतीने ती दोन्ही हातांत घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. ती किल्ली आम्ही मधोमध लावायची ठरवली.

*

सिमेंट कालवलं, भिंतीवर खडूने आराखडा काढला, रेवती हातात किल्ली घेऊन चिकटवायला वळली आणि हिरामावशींनी विचारलं, "ताई, ह्या एवढ्या किल्ल्या गोळा केल्या. लावून बगितल्या का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रेवती, मी, निनाद, सदतीस वर्षं मराठी शिकवलेल्या लिमयेबाई. कुलूप आमच्यापासून चार हातांवर. महिनाभर. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रेवती म्हणाली, "मावशी, ते... सिम्बॉलिक होतं."

"शिंबालिक मागनं करा. आदी लावून बगा."

आम्ही डबे उलटे केले आणि बसलो. चौथ्या दिवशी माझ्या अंगठ्याला फोड आले. मग निनाद म्हणाला, ज्याची त्याने लावून बघावी. त्याने तसं ग्रुपवर टाकलं, आणि रोज दुपारी चारला शौचालयाच्या दारात रांग लागायला लागली. एकेकाने यायचं, आपली किल्ली लावायची, फिरवायची, नाही लागली की डब्यात टाकायची. भेळवाला आला. शाळेतली पोरं आली. वाहतूक हवालदार रांग मोडायला आले आणि त्यांनी त्यांच्या मोटारसायकलची लावून बघितली. मी रोज कुलपात शिलाई मशीनचं तेल सोडायचो, न जाणो गंज आडवा यायचा. मंडईच्या बायका बादल्या, खराटे आणि फिनेल घेऊन रोज तयार असायच्या, लग्नघरात असतात तशा. कुलूप काही हलेना, पण रांग रोज लांबत होती. मला आतून वाटायला लागलं होतं की हे आता उघडणार, उघडल्याशिवाय राहतच नाही.

मग नोटीस आली. शासकीय भिंतीवर विनापरवानगी मजकूर रंगवल्याबद्दल. सात दिवसांत पुसावा, अन्यथा कारवाई. खाली सही साहेबांचीच.

लिमयेबाईंनी नोटीस दोनदा वाचली. "शुद्धलेखन निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मनापासून लिहिलेली नाही."

पण मला धास्ती बसली. भिंत कोरी झाली की माणसं पांगणार. ग्रुपवर दुसरं काहीतरी येणार. कुलूप मात्र तिथेच राहणार, आणि मावशी पुन्हा अर्ध्या कप चहावर दिवस काढणार. हिरामावशी त्या आठवड्यात दोन दिवस आल्या नाहीत. ताप होता. आल्या त्या भिंतीला धरून बसल्या.

सातवा दिवस. चार वाजले. रांग पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मी शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा शेजारी ठेवला होता, कारण पुसायचंच झालं तर दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नव्हतो. किल्ल्या लागत नव्हत्या. एक, दोन, दहा. आणि निनाद माझ्या कानाशी आला. "काका, रांगेत मागे बघा. वळून नका बघू, असंच बघा."

रांगेत साहेब उभे होते. ऑफिसची पिशवी खांद्याला, डोक्यावर हेल्मेट, काच वर केलेली.

लोकांनी ओळखलं. कोणीतरी म्हणालं, "साहेब, पुढे या." साहेब म्हणाले, "नाही, नंबराने." पुढे पंचवीस माणसं होती. पंचवीस माणसांनी आपापली किल्ली लावली, फिरवली, डब्यात टाकली. कोणी घाई केली नाही. भेळवाल्याने चमचा वाजवणं थांबवलं.

साहेबांचा नंबर आला. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

रेवती पुढे झाली. "सापडली का?"

"नाही," साहेब म्हणाले. "ही आमच्या घरच्या कपाटाची. लावून बघतो."

लावली. फिरवली. कुलूप उघडलं.

क्षणभर कोणाला कळेचना काय झालं ते. मग मंडईतून जो आवाज उठला, तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. बायका बादल्या घेऊन आत घुसल्या. लिमयेबाई, होय, लिमयेबाई, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होत्या. रेवती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मी ब्रशच्या हाताने तिला थोपटत होतो, तिच्या पाठीवर पांढरा पंजा उमटेपर्यंत. अर्ध्या तासाने आतून फिनेलचा वास आला आणि बायकांनी सांगितलं, पहिला मान हिरामावशीचा. मावशी पदर खोचून आत गेल्या. शंभर माणसं पाठ करून उभी राहिली, कोणी न सांगता.

मावशी बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब हेल्मेटचा पट्टा लावत होते. किल्ली कुलपातच होती.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "ती किल्ली आता हितंच ऱ्हानार. तुमच्या घरचं कपाट कसं उघडायचं?"

साहेबांनी गाडीला किक मारली.

"त्याला कुलूपच नाही, मावशी."